तीनदा दाबलेलं बटण

इसहाक मुकादमाने त्या दुपारी वॉकी-टॉकीवरून हाक मारलीच नाही, असं यार्डात सगळे धरून चालले होते.

न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेलं हे खासगी कंटेनर यार्ड, चांगलं साठ एकरांचं. मार्चमधल्या एका मंगळवारी तिथल्या सी ब्लॉकमध्ये बुधाजी ठाकूर नावाचा कामगार शिडीवरून पडला. डोकं आपटून तो जागीच बेशुद्ध झाला आणि खाली येताना त्याची पोटरी लोखंडी कडेवर उभी चिरली गेली. यार्डाची अँब्युलन्स फाटकाजवळच उभी असते. हाक गेली की तीन मिनिटांत कुठल्याही ब्लॉकला पोचते. त्या दिवशी हाक जायलाच अकरा मिनिटं लागली. बुधाजी वाचला, पण गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्या वेळी त्याच्याजवळ एकच माणूस होता, सी ब्लॉकचा मुकादम इसहाक. तो सांगत होता, मी बटण तीनदा दाबलं, सेट बोलू देईना, मग डोक्याचा रुमाल सोडून पायाला आवळून बांधला आणि मोठ्या रस्त्यापर्यंत धावत जाऊन तिथल्या ड्रायव्हरला हाक द्यायला सांगितलं. पण कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक सेटच्या प्रत्येक हाकेची नोंद होते, आणि त्या अकरा मिनिटांत इसहाकच्या सेटची एकही नोंद नव्हती. मशीन खोटं कशाला बोलेल? दुपारची वेळ होती, म्हातारा नमाजाला गेला असेल, असं कुणीतरी चहाच्या टपरीवर बोललं आणि दोन दिवसांत ते सगळ्या यार्डाचं मत झालं. इसहाकला घरी बसवलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चौकशी ठेवली.

प्राप्ती भोईर यार्डातल्या सगळ्या वॉकी-टॉकी सांभाळायची. अठ्ठावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, जासईकडची मुलगी. तिच्या आजोबांची मिठागरं ह्याच जमिनीवर होती, आता तिथे तिचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. सोमवारी सकाळी इसहाक तिथे आला. रजिस्टरवर सही करून त्याला आत सोडलं होतं, सेट जमा करायचा म्हणून.

तिने त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही. सेट टेबलावर ठेवून म्हणाला, आधी हा तपासून घे, मगच जमा कर. तिने तपासला. बॅटरी भरलेली, ताकद पुरती चार वॉट, माईक उत्तम. सेटमध्ये काही खोट नाही, हे सांगताना तिला वाईट वाटलं, कारण सेट बिघडलेला निघाला असता तर निदान तेवढं त्याच्या बाजूने गेलं असतं.

“चाचा, बटण दाबल्यावर नेमकं काय झालं?” तिने विचारलं.

“काय व्हायचं? त्याने मला नाही म्हटलं.” इसहाकने ओठ मिटले आणि घशातून एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज काढला. म्हैस अडखळून हुंकारावी तसा. “तीन वेळा. असाच.”

प्राप्तीचा हात टेबलावरच राहिला.

यार्डात तीनशे सेट होते आणि बोलायच्या वाटा सहा. त्यामुळे बटण दाबलं की सेट आधी टॉवरकडे वाट मागतो. टॉवरने मागणी ऐकली की मोकळी वाट देतो, बारीक टिक वाजते, मग माणसाने बोलायचं. सगळ्या वाटा भरलेल्या असतील तर टुं-टुं-टुं वाजतं. तो आवाज यार्डात सगळ्यांच्या ओळखीचा. पण इसहाकने काढलेला आवाज वेगळा होता. सेट मागत राहतो आणि टॉवरला ते ऐकूच जात नाही, तेव्हा शेवटी सेट हरून तसा हुंकारतो. प्राप्तीने स्वतः तो फक्त प्रशिक्षणात ऐकला होता. ज्याने बटण दाबलंच नाही त्याला तो कुठून माहीत असणार?

आणि टॉवरला मागणी ऐकूच गेली नसेल, तर कॉम्प्युटरमध्ये नोंद होणार कशाची?

तिने हे इसहाकला लगेच सांगितलं नाही. तो गेल्यावर तिने कपाटातून डिसेंबरची फाइल काढली. नवी यंत्रणा बसली तेव्हा सगळं यार्ड फिरून सिग्नल मोजायचं काम तिने केलं होतं. चार दिवस ती गाडीतून मीटर घेऊन गल्ली न् गल्ली फिरली होती. नकाशाभर हिरवा रंग होता, सी ब्लॉकसुद्धा हिरवागार. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, यार्डात सर्वत्र संपर्क उत्तम. खाली तिची सही.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिने मोजलं होतं ते टॉवरचं बोलणं. टॉवर शंभर वॉटचा, उंचावर, त्याचा आवाज लोखंडाच्या फटीफटीतून पोचणारच. चार वॉटचा सेट कंबरेला लावलेला माणूस कंटेनरांच्या तळाशी उभा राहून बोलला तर टॉवरला ऐकू येतं का, हे तिने मोजलंच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

त्या दुपारी ती निकेत सरांकडे गेली. निकेत गांधी यार्डाचा कामकाज व्यवस्थापक, माणूस वाईट नव्हता, पण मागच्या घोळात रमायला त्याला वेळ नसायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, चल, आत्ताच बघू.

दोघं सी ब्लॉकमध्ये गेली. बुधाजी पडला होता त्याच गल्लीत प्राप्तीने सेट हातात घेतला आणि बटण दाबलं. टिक वाजली. कंट्रोल रूममधून तुळशीराम म्हणाला, बोला मॅडम, एकदम क्लियर. निकेतने स्वतःचा सेट काढून दाबला. पुन्हा टिक, पुन्हा तुळशीराम. निकेतने तिच्याकडे पाहिलं आणि तो गाडीकडे वळला.

प्राप्ती गल्लीत एकटी उभी राहिली. मग तिचं लक्ष वर गेलं. अपघाताच्या दिवशी इथे दोन्ही बाजूंना पाच-पाच कंटेनर एकावर एक रचलेले होते. मधल्या दिवसांत तो माल निघून गेला होता. आता एका बाजूला दोन होते आणि दुसरी बाजू मोकळी, तिच्यातून टॉवरचा लाल दिवासुद्धा दिसत होता. भिंतीच नव्हत्या, मग आवाज अडणार कशाला?

तिने हे निकेतला फोनवर सांगितलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “प्राप्ती, शुक्रवारी मी समितीपुढे काय ठेवू? चालतं हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चालत नव्हतं हे तू म्हणतेस. आणि डिसेंबरमध्ये चालतं असं तूच लिहून दिलंस.”

तिने फोन ठेवला.

मंगळवार, बुधवार ती रोज दोनदा सी ब्लॉकला चक्कर मारून आली. कंटेनर येत होते, पण सगळे डी आणि एफ ब्लॉकमध्ये जात होते. बुधवारी संध्याकाळी घरी जाताना तिने इसहाकच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोने, जहुराचाचीने, उचलला. ते कुणाशी बोलत नाहीत, ती म्हणाली. दवाखान्यात बुधाजीला बघायला गेले होते, तर त्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवलं. माझ्या माणसाला टाकून गेलास, असं म्हणाली म्हणे. तीस वर्षांची ओळख आहे ह्यांची आणि बुधाजीची.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बंदरातून नव्या जहाजाचा माल यायला लागला. ह्या वेळी सी ब्लॉक. प्राप्ती वर्कशॉपच्या दारातून बघत होती. मोठी क्रेन चाकांवर पुढे सरकायची, ट्रेलरवरचा कंटेनर उचलायची, रचायची, की पुढचा ट्रेलर. दोन वाजेपर्यंत गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाच माळे चढले होते.

तिने तुळशीरामला सांगून ठेवलं, दादा, दर मिनिटाला मला हाक मारा आणि मी बोलले की घड्याळ बघून वहीत लिहा. मग हेल्मेट घालून ती आत गेली. कामगारांचे मोबाईल फाटकावरच जमा होतात, पण तिला कामासाठी मोबाईल न्यायची परवानगी होती. त्या लोखंडी गल्लीत त्याला सिग्नलची एकही दांडी नव्हती. बोलणं टिपायला मात्र तो चालत होता. तो चालू करून तिने खिशात ठेवला.

“प्राप्ती मॅडम, कंट्रोल,” सेटमधून तुळशीरामचा आवाज शेजारी उभं राहून बोलावं तसा आला. पडद्यावर सिग्नलच्या पाचही दांड्या होत्या.

तिने बटण दाबलं. सेट दोन सेकंद गप्प राहिला आणि मग हुंकारला. तोच जाड आवाज.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मिनिटभराने तुळशीराम म्हणाला, मॅडम, ऐकू येतंय का? तिला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ती उत्तर देत होती, आणि त्याच्या लेखी ती गप्प होती.

चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात गल्लीच्या आतल्या टोकाला क्रेनखाली एक ट्रेलर येऊन थांबला. गाडी हितेश घरतची होती, तिच्याच गावचा. त्याने हात केला, तिनेही केला. क्रेनचा सांगाडा खाली आला, कंटेनरला चारी कोपऱ्यांत पकडून वर उचलू लागला.

ट्रेलरवर कंटेनर चार कोपऱ्यांच्या लॉकने बसवलेला असतो. उचलायच्या आधी ते चारही सोडावे लागतात. प्राप्तीने पाहिलं, कंटेनर वर जातोय आणि त्याच्याबरोबर ट्रेलरचा मागचा भागही वर जातोय. मागची चाकं जमिनीवरून सुटली. एक वीत. हातभर. मागचे लॉक सुटलेच नव्हते. पुढे केबिनमध्ये हितेश अजून निवांत समोर बघत बसला होता, त्याला वाटलं असेल वजन कमी झाल्याने गाडी हलतेय. क्रेनचालक वर पंधरा मीटरवर, त्याच्या पायांखाली कंटेनरचं छत. खालचं त्याला दिसणं शक्य नव्हतं.

तिने बटण दाबलं. हुंकार.

ती ओरडली. क्रेनच्या इंजिनापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. केबिन तिरकी व्हायला लागली तसा हितेशने दार उघडायचा प्रयत्न केला, पण दार कंटेनरांच्या भिंतीला टेकलं होतं. तिने पुन्हा दाबलं. हुंकार. पुन्हा दाबलं. हुंकार.

मग ती वळली आणि धावत सुटली. गल्लीच्या उघड्या टोकापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. धावताना मागे लोखंड करकरल्याचा आवाज येत होता आणि मागे वळून बघायची तिची छाती होत नव्हती. तिच्या मनात एकच विचार होता, की इसहाकचाचा सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि ते ह्याच्या पाचपट धावले. रस्त्यावर येताच तिने सेट डोक्याच्या वर धरला आणि दाबला.

टिक.

“सी ब्लॉक क्रेन, थांबा. खाली ट्रेलर उचललाय. माणूस आत आहे. आहे तिथेच थांबा.”

क्रेन थांबली. ती परत धावली तेव्हा ट्रेलरचं मागचं टोक पुरुषभर उंचीवर लोंबत होतं. क्रेनचालक हळूहळू खाली आणायला लागला, पण जमीन दोन फुटांवर असताना एक लॉक तुटला आणि सगळं धाडकन आदळलं. हितेशला समोरच्या काचेतून बाहेर काढावं लागलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि कपाळातून रक्त येत होतं. तो शुद्धीवर होता. अँब्युलन्स तीन मिनिटांत आली.

तिला गाडीच्या पायरीवर बसवून कुणीतरी पाणी दिलं. खिशातला मोबाईल अजून टिपत होता.

संध्याकाळी निकेतने तिला बोलावलं. तुळशीरामची वही टेबलावर होती. सात मिनिटांत प्राप्तीने आठदा बटण दाबलं होतं, कॉम्प्युटरमध्ये नोंद एकाच हाकेची होती, उघड्या रस्त्यावरून केलेल्या. बाकीचे सात हुंकार मोबाईलमध्ये होते, शेवटचे तीन तिच्या ओरडण्यासकट. निकेतने ते दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा ऐकताना तो खुर्चीतून उठून खिडकीशी गेला.

मग त्याने विचारलं, टॉवरची ताकद दुप्पट केली तर?

“सर, बहिऱ्याने आवाज चढवला म्हणून त्याला ऐकू येत नाही,” प्राप्ती म्हणाली. “टॉवर बोलतो ते पोचतंच आहे. त्याला कान कमी पडतायत.”

निकेत परत खुर्चीत येऊन बसला. म्हणाला, उद्या हे मांडलंस तर पहिला प्रश्न तुझ्या सहीचा येईल. माझ्याकडून मी काही झाकणार नाही. ती म्हणाली, नका झाकू.

शुक्रवारी समितीपुढे तिने फाइल स्वतःच उघडून ठेवली. मी टॉवरचं बोलणं मोजलं, ऐकणं मोजलं नाही, आणि तरीही संपर्क उत्तम असं लिहिलं, हे तिने आधी सांगितलं, मग मोबाईल लावला. खोलीत पाच माणसं होती. इसहाक कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसला होता. पहिला हुंकार वाजला तसे त्याने डोळे मिटले. सातवा संपेपर्यंत ते उघडले नाहीत.

इसहाकला त्याच दिवशी कामावर घेतलं. प्राप्तीला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची बढती गेली. तिने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि सी ब्लॉकचा नकाशा काढून बसली.

उपाय तसा साधा होता. दिव्यांच्या दोन उंच खांबांवर फक्त ऐकणारे रिसीव्हर बसवायचे, गल्ल्यांच्या डोक्यावर. टॉवर आणि हे दोन खांब, अशा तिन्ही ठिकाणी आलेल्या आवाजातला जो सगळ्यात स्वच्छ, तो कंट्रोल रूममधलं एक यंत्र निवडणार. पुण्याहून आलेल्या माणसांनी ते दहा दिवसांत बसवलं, चाचणी घ्यायला प्राप्ती पुन्हा पाच माळ्यांच्या गल्लीत उभी राहिली, बटण दाबलं, आणि सेट हुंकारला.

पुण्याची माणसं म्हणाली, जोडणी बरोबर आहे. ती दोन दिवस तारा तपासत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला उमगलं की नवे रिसीव्हर बोलायच्या वाटांनाच जोडलेत. सेट ज्या वाटेवरून वाट मागतो, ती मागणीची वाट जुन्या टॉवरवरच राहिली होती. आत शिरल्यावर बोलायची सोय झाली होती, पण दार ठोठावलेलं ऐकायला अजून कुणी नव्हतं. मागणीची वाट जोडल्यावर पहिल्याच दाबाला टिक वाजली. तुळशीराम म्हणाला, बोला मॅडम. तिने एक ते दहा आकडे म्हटले.

त्या रविवारी इसहाकने तिला विचारलं, बुधाजीकडे येशील का माझ्याबरोबर? एकट्याने जायचा धीर होत नाही.

बुधाजीचं घर गावाच्या कडेला, खाडीच्या अंगाला होतं. तो बाहेरच्या खोलीत कॉटवर बसला होता, चादर पायांवर ओढलेली. त्याची बायको कमळ दारात उभी राहिली. तिने इसहाककडे पाहिलं, पण ह्या वेळी वाट अडवली नाही. यार्डातली बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी.

प्राप्तीने तिला सगळं सांगितलं, टॉवर, वाटा, हुंकार, सगळं. कमळने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “म्हंजे ह्यांनी हाक मारली व्हती.”

“तीनदा.”

“मंग माज्या मालकाचा पाय गेला तो कोनामुलं?”

प्राप्तीने वाटेत ह्याचं उत्तर जुळवलं होतं. यंत्रणा, तपासणीची पद्धत, असं काहीतरी. ते तिच्या तोंडातून निघालं नाही. “तिथे सगळं नीट ऐकू येतं असं मी लिहून दिलं होतं,” ती म्हणाली. “मी तिथे उभं राहून बोलून बघितलं नव्हतं.”

कमळ आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात पाण्याचा एकच तांब्या होता. तो तिने इसहाकपुढे ठेवला आणि प्राप्तीकडे न बघता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

इसहाकने तांब्याला हात लावला नाही. तो बुधाजीजवळ कॉटच्या कडेला जाऊन बसला. बुधाजीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने बुधाजीने प्राप्तीला विचारलं, “आता तिथून आयकू येतं?”

“येतं.”

“आज पाच माले हायेत. उद्या सहा लावतील. मंग?”

“मग परत मोजायला लागेल,” ती म्हणाली. “ब्लॉक बदलला की दर वेळी. मी आत उभी राहून बोलणार, आणि तुळशीरामदादा लिहिणार.”

बुधाजीने मान हलवली. इसहाकने आता तांब्या उचलला, दोन घोट प्यायला आणि उरलेलं पाणी प्राप्तीच्या हातात दिलं. कमळ बघत होती. तिने नको म्हटलं नाही. प्राप्ती उभ्यानेच पाणी प्यायली आणि तिने तांब्या दाराजवळ, कमळच्या पायांशी नेऊन ठेवला.